रोकडे भाऊसाहेबांची न उघडणारी लिंक

फोन आला तेव्हा मी नागपूरकडच्या एका बाईंना मेलमधली लिंक उघडत नसेल तर काय करायचं ते सांगत होतो. ही माझी नोकरीच आहे. पुण्यात एका कंपनीच्या मदतकक्षात बसून, कानाला हेडफोन लावून मी दिवसभर लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकतो आणि त्यांना एकेक पायरी सांगत जातो. आमच्या मजल्यावर स्वतःचा मोबाइल वापरायला परवानगी नाही, तो टेबलाच्या खणात ठेवायचा. खण थरथरला म्हणून मी बोटभर उघडून पाहिला. 'भाऊसाहेब घोडेगाव' असं नाव दिसलं. मनात आलं, पुन्हा लिंकच असणार. जेवणाच्या सुट्टीत करू... आणि मी खण लावून घेतला. दीड वाजता जिन्यात उभं राहून फोन लावला तर तो त्यांच्या बायकोने, काकूंनी उचलला. "संतोष, तुझे भाऊसाहेब गेले रे," त्या म्हणाल्या. "आंघोळ करून खुर्चीत बसले व्हते. मी चहा आणोस्तवर मान टाकली." यावर माणसाने काय विचारावं? मी विचारलं की मघाशी फोन त्यांनी केला होता का. काकू म्हणाल्या, "नाय रे बाबा, मीच केलता. ते कसे करतील?"

याला आता सहा आठवडे झाले. लिहायला इतका वेळ लागला, कारण भाऊसाहेबांबद्दल लिहायचं तर त्या लिंकबद्दल लिहावं लागतं. त्या लिंकवर एका मुलीचा नर्सिंगचा प्रवेश अडकला होता आणि तो गेला. कोणाच्या चुकीने गेला, याबद्दल भाऊसाहेब शेवटपर्यंत चुकीच्या समजुतीत राहिले.

भाऊसाहेब म्हणजे घोडेगावच्या आमच्या शाळेचे क्लार्क. आडनाव रोकडे, पण शाळेत त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मी डिंगोऱ्याचा. आठवीपासून मामाकडे घोडेगावला राहून शिकलो. शिक्षक बदलून जायचे, मुख्याध्यापक बदलायचे, पण ऑफिसच्या खिडकीमागे भाऊसाहेब तेच असायचे. बोनाफाइड असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला, सगळं त्या खिडकीतून हातात पडायचं. बारावीचा निकाल लागला तेव्हा मला बरे गुण होते, पण त्या गुणांचं पुढे काय करायचं हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी दाखला मागायला गेलो.

"कशाला पायजे दाखला?"

"शाळा सोडायचीय."

"ती सुटलीच हाय. फुडं काय?"

"शेती. वडील म्हणत्यात टोमॅटो लावू."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "टोमॅटो दाखला मागत नाय. ज्याला दाखला लागतो त्याचा फॉर्म आधी भर, मग देतो."

त्यांनी खरंच दाखला अडवून धरला. मी रडकुंडीला आलो, मामा येऊन भांडून गेले, तरी ते हलले नाहीत. शेवटी पुण्याच्या एका कॉलेजचा कॉम्प्युटरच्या पदवीचा अर्ज त्यांनी मला समोर बसवून भरायला लावला, वसतिगृहाचा वेगळा अर्ज स्वतः लिहिला, आणि पोस्टाने टाकण्याऐवजी दुसऱ्या दिवशी रजा काढून एसटीने पुण्याला जाऊन दोन्ही अर्ज हातोहात देऊन आले. मी म्हटलं, पोस्टाने गेलं असतं की. ते म्हणाले, "कागद एकटा सोडायचा नसतो रे. वाटंत कुठंतरी बसून ऱ्हातो." मी आमच्या भावकीतला पहिला पदवीधर आहे. हे वाक्य मी अभिमानाने लिहितो, पण त्यातलं कष्टाचं काम निम्मं त्यांचं आहे.

ते निवृत्त झाले त्या वर्षी शाळेत नवे कॉम्प्युटर आले होते. जुन्यांपैकी एक शिक्षकांनी त्यांना निरोप समारंभात दिला. मला तेव्हा नोकरी लागून थोडेच महिने झाले होते. त्यांचा फोन आला, "संतोषराव, मशीन मिळालंय. आता ह्याला कामाला लावायचं." मी एका रविवारी गेलो, जुना कचरा काढला, नवा ब्राउझर टाकला, त्यांच्या नावाचा मेल उघडून दिला. तेव्हापासून त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे दुसरी खिडकीच झाली. डोंगराकडच्या गावांतली मुलं सकाळच्या गाडीने यायची, भाऊसाहेब त्यांचे ऑनलाइन फॉर्म भरायचे आणि दुपारच्या गाडीने ती परत जायची. कोणाकडून काही घेत नसत. पोरांना स्वतःचा मेल नसायचा म्हणून फॉर्मवर ते आपलाच पत्ता टाकत. काकू म्हणायच्या, "निवृत्त झाले ते पगारातनं. कामातनं नाय."

सुरुवातीला सगळे निरोप मोबाइलवर यायचे, तोवर ठीक चाललं होतं. मग हळूहळू कॉलेजांचे, संस्थांचे मेल येऊ लागले. नाव नोंदलं असेल तर इथे दाबा, होकार द्यायचा असेल तर इथे दाबा. भाऊसाहेब दाबायचे आणि काहीच व्हायचं नाही. मग रविवारी साडेदहाला मला फोन यायचा.

"दाबलं."

"मग काय झालं?"

"गोल चक्री आली, फिरली, गेली. आता आमी तिघं गप बसलोय. मी, मशीन आन् तुझी काकू."

ही तक्रार आमच्याकडे रोजची आहे. मेल ज्या प्रोग्रॅममध्ये येतो त्याला लिंक कोणत्या ब्राउझरमध्ये उघडायची हे माहीत असावं लागतं. जुना ब्राउझर काढून टाकला असेल आणि नव्याचं नाव त्या जागी लागलेलं नसेल तर लिंक हवेत जाते. मी आमच्या नियमाप्रमाणे पहिली पायरी सांगायचो की मशीन बंद करून परत चालू करा. मग सेटिंग्ज, मग ॲप्स, मग डीफॉल्ट ॲप्स, मग वेब ब्राउझर. ते प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत लिहून घ्यायचे. अर्ध्या तासाने लिंक उघडायची. "अगं, चहा टाक, उघडली," असं पलीकडून ऐकू यायचं आणि माझाही रविवार चांगला जायचा. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. "परत तसंच झालंय रे." पुन्हा पहिल्यापासून. एकदा शेवटी म्हणाले, "संतोष, आनखी एक. रोज सकाळी मशीन लावलं की सगळी टपाल परत येती. वाचलेली बी, चार महिन्यांपूर्वीची बी. पोस्टमन येडा झालाय का तुमचा?" मी हसलो. म्हटलं, ती एक सेटिंग असते, बघू नंतर. एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाने हेच सांगितलं असतं तर मी लगेच थांबलो असतो आणि दोन प्रश्न जास्त विचारले असते. घरच्या माणसाचं आपण तितकं लक्ष देऊन ऐकत नाही...

पाचव्या की सहाव्या रविवारी माझा तोल गेला. बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, ती दारात चप्पल घालून उभी होती. मी म्हटलं, "भाऊसाहेब, एकदा केलेलं आपोआप जात नसतं. तुम्हीच काहीतरी दाबता." ते म्हणाले, "आसंल बाबा. बोटं जाड हायेत माझी." मला वाईट वाटलं, म्हणून मी त्यांना एक आडवाट सांगितली. लिंकवर बाण नुसता ठेवायचा, दाबायचं नाही. स्क्रीनच्या तळाला बारीक अक्षरात तिचा पत्ता दिसतो. तो कागदावर लिहून घ्यायचा आणि ब्राउझर उघडून वरच्या चौकटीत टाइप करायचा. माउसचं उजवं बटण दाबून तोच पत्ता अख्खा उचलता येतो, हे सांगायला मला आणखी पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मी दिली नाहीत. त्यानंतर रविवारचे फोन कमी होत गेले आणि मला वाटलं, काम भागलं.

पुढचं मला भाऊसाहेबांनी सांगितलेलं नाही. ते काकूंनी सांगितलं, त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर. डोंगराकडच्या एका गावातली मंदा नावाची मुलगी. तिच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. ती बारावी झाली आणि भाऊसाहेबांनी तिचा नर्सिंगचा फॉर्म भरला. पहिल्या यादीत नाव लागलं. ऑगस्टमध्ये मेल आला की जागा हवी असेल तर आज संध्याकाळी पाचच्या आत खालची लिंक दाबून होकार द्या, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. मंदाच्या गावात फोनला रेंज नाही, त्यामुळे होकार द्यायचा तो भाऊसाहेबांनीच. लिंक उघडली नाही. पायऱ्या लिहिलेला कागद घेऊन ते बसले, पण मी फोनवर घाईत सांगितलेली एक पायरी कागदावर उतरलीच नव्हती आणि पुढचे शब्द कुठे सापडेनात. त्यांनी मला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा फोन खणात होता.

मग त्यांनी तळाला दिसणारा पत्ता उतरवून घेतला. तो घरच्या मशीनवर टाइप करून उघडेना, तेव्हा छत्री घेऊन स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथेही उघडेना. घरी आले, अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, पुन्हा गेले. असं तीनदा. दुकानदार भला माणूस, तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचा मेलच हितं उघडू की." भाऊसाहेब म्हणाले, "मेल तर घरच्या मशीनमधी हाय." आलेली टपाल ज्या कपाटात ठेवली त्याच कपाटात असणार, चाळीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. दुकानदाराने समजावलं, पासवर्ड सांगा, कुठूनही उघडतो. पासवर्ड त्यांना माहीत नव्हता. त्यांना त्रास नको म्हणून तो मीच ठरवला होता, मीच प्रोग्रॅममध्ये भरून ठेवला होता आणि माझ्याच डायरीत लिहिला होता. चौथ्यांदा ते घराकडे निघाले तेव्हा पाच वाजून गेले होते.

साडेसहाला मी सुटलो, तीन मिस्ड कॉल पाहिले आणि फोन केला. ते म्हणाले, "काय नाय रे, सहज केलता. जेवायला येळंवर जातोस का?" मी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

काकूंनी मला तो कागद दाखवला. भाऊसाहेबांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. पत्ता अडीच ओळींचा होता आणि एकही अक्षर चुकलेलं नव्हतं, हे मी नंतर मशीनवर ताडून पाहिलं. फक्त तो अर्धाच होता. स्क्रीनच्या तळाच्या पट्टीत जेवढा मावतो तेवढाच पत्ता दिसतो, पुढचा दिसतच नाही. हे मला ठाऊक होतं. आडवाट सांगताना आठवलं नाही.

"आता तू आलायस तर एकदा बघच त्या मशीनकडं," काकू म्हणाल्या. "मेल्याला झालंय तरी काय." मी बसलो. ब्राउझरचं नाव जागेवर लावलं, एक लिंक दाबून पाहिली, उघडली. काकूंना म्हटलं, झालं. त्यांनी लगेच भिंतीवरचं बटण बंद केलं, भाऊसाहेब रोज मशीनसमोरून उठताना करायचे तसं. त्यांना दाखवावं म्हणून मी मशीन पुन्हा चालू केलं आणि तीच लिंक दाबली. गोल चक्री आली, फिरली, गेली. सेटिंग पहिल्यासारखी झाली होती. मग मी पहिल्यांदाच त्या स्क्रीनकडे नीट पाहिलं. खाली घड्याळाशेजारी एक बारीक चिन्ह होतं. ते मी ओळखलं.

शाळांच्या कॉम्प्युटरवर टाकतात तसा तो एक प्रोग्रॅम आहे. मुलांनी काहीही बिघडवलं तरी मशीन बंद करून चालू केलं की ते जसंच्या तसं, प्रोग्रॅम टाकला त्या दिवशीसारखं होतं. नवं काही त्यात टिकत नाही. तो मी टाकला होता. त्या पहिल्या रविवारी, गाडीची वेळ झाली असताना, मला वाटलं की पोरं पेन ड्राइव्ह घेऊन येतील, व्हायरस शिरेल, भाऊसाहेबांना काही निस्तरता येणार नाही. म्हणून मी मशीन त्या दिवसावर गोठवून ठेवलं आणि गाडी पकडली. त्या काळात मी कंपनीतर्फे कितीतरी शाळांत हेच करत फिरत होतो, त्यामुळे हे घर त्यात कधी मिसळून गेलं कळलंच नाही. आणि गोठवण्याआधी मेलमधली एकही लिंक दाबून पाहिली नव्हती. जुना ब्राउझर मी काढला होता, नव्याचं नाव लावायचं राहिलं होतं. माझी ती चूक रोज सकाळी नव्याने जिवंत होत होती, आणि चार महिन्यांपूर्वीची टपालही. मी त्यांना दर रविवारी आधी काय सांगायचो, तर बंद करून चालू करा.

कुलूप काढायला त्या प्रोग्रॅमचा पासवर्ड लागतो. तो मला आठवेना. माझ्या डायरीतही नाही. मी माझ्याच हातच्या कामापुढे तासभर बसून राहिलो. समोर सगळे मेल न वाचल्यासारखे ठळक अक्षरांत आले होते. मंदाचाही. आज संध्याकाळी पाचच्या आत...

मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांना मशीनचं कितपत समजलं कोण जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग त्यांनी काय दाबलं नव्हतं?" मी म्हटलं, "नाही." त्या पदराने टेबल पुसत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की जागा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने भाऊसाहेब एकटेच मंदाच्या गावाला जाऊन आले. संध्याकाळी परतले ते न जेवता पडून राहिले. "काय बोलणं झालं, सांगितलं नाय. नुसतं म्हणले, सांगून आलो."

दुसऱ्या दिवशी मी त्याच गाडीने गेलो. माझ्या मनात होतं की निदान तिथे तरी खरं कळावं. भाताची झोडणी चालू होती. मंदाचे वडील खळ्यावरून अंग झाडत आले आणि "या पावणं" म्हणून त्यांनी ओट्यावर घोंगडी टाकली. मंदा आईशेजारी सूप घेऊन उभी राहिली. मी कोण, कुठला, सगळं सांगितलं. मशीन मी कसं गोठवून ठेवलं होतं, लिंक का उघडत नव्हती, पासवर्ड का नव्हता. मला जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. पुढच्या वर्षीचा फॉर्म मी स्वतः भरीन, हेही म्हटलं. मंदा म्हणाली, "ते बी आसंच म्हणले व्हते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने खरं तेवढं सांगितलं.

वडील म्हणाले, "म्हंजे भाऊसाहेबांची चूक नव्हती?"

"नव्हती. माझी होती."

"ते तर म्हणले, माझ्या हातनं झालं, पोरीला बोलू नका. लई येळा म्हणले." त्यांनी ओट्याच्या कडेकडे हात केला. "तितं बसले व्हते. टोकाला. चपला बी काढल्या नाय. आमी कुनीच काय बोललो नाय. मी तर आत निघून गेलो."

मंदाच्या आईने सूप खाली ठेवलं. "पाणी बी इचारलं नाय आपुन त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "पाऊस व्हता. दुपारच्या गाडीपातूर त्या फाट्यावर उभे व्हते. मला हितनं छत्री दिसत व्हती."

आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको होतं आणि त्यांनाही नको होतं. मी खरं सांगायला गेलो होतो, आणि माझ्या खऱ्यामुळे त्या घराच्या पदरात काय पडलं ते मला समोर दिसत होतं. भाऊसाहेबांनी चूक आपल्यावर घेतली होती तोवर निदान त्या घराच्या रागाला एक जागा होती.

तिने तांब्या आणला, मी पाणी प्यालो. चहा आला, तोही घेतला. मग मी उठलो आणि म्हटलं, फाट्यावर जाऊन थांबतो, गाडीची वेळ होत आली. ती झाली नव्हती, दीड तास होता.

मंदाचे वडील म्हणाले, "फाट्यावर नका उभं राहू. गाडी येईस्तवर हितंच बसा."

मी बसलो. तेही झोडणी तशीच टाकून माझ्याशेजारी येऊन बसले. आम्ही दोघं घोंगडीवर दाटीने बसलो होतो. ओट्याचं ते टोक रिकामं होतं आणि तिकडे कोणी सरकलं नाही.